व्हीआरमध्ये (संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात) पांढऱ्या काठीचा सराव: काठी भिंतीतून आरपार जाते

प्रश्न: पणजीच्या कदंब बसस्थानकाची आभासी प्रतिकृती करून पूर्ण अंध विद्यार्थ्यांना सराव द्यायचा आहे. व्हीआरचा कंट्रोलर (हातात धरायचं, कंपन देणारं उपकरण) काठीला बांधला. भिंतीला लागताच तो थरथरतो, पण काठी पुढे जातच राहते. उपाय?

उत्तर १: कंपन धडक कळवतं, हात अडवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१८च्या 'केनट्रोलर' या अंधांसाठीच्या व्हीआर काठीत अंगावर बांधलेला ब्रेक काठी खरोखर रोखतो. तो नसेल तर खोलीत पक्कं टेबल ठेवा आणि आभासी भिंत अचूक त्याच्या कडेवर बसवा. काठीखालच्या लादी आणि डांबर यांतला फरक कंपनातून कळवायचा असेल तर तो साध्या फिरत्या वजनाच्या मोटारीने येणार नाही, कारण तिचा वेग आणि जोर एकत्रच बदलतात. व्हॉइस कॉइल (स्पीकरसारखी थरथरणारी गुंडाळी, जिचा वेग आणि जोर वेगवेगळे बदलता येतात) लावा. २५० हर्ट्झच्या (सेकंदाला २५०) आसपासच्या कंपनांना त्वचा सर्वांत संवेदनशील असते.

उत्तर २: कंट्रोलर मुठीच्या लगेच खाली बांधा, टोकाकडे नको, मनगट दुखतं, काठीची लय बिघडते. प्रत्येक सत्राआधी टोक जमिनीवरच्या खुणेला टेकवून ट्रॅकिंग, म्हणजे काठीची जागा यंत्रणेला बरोबर कळते का, ते तपासा. कान बंद करणारे हेडफोन टाळा, प्रशिक्षकाचा 'थांब' ऐकू यायलाच हवा. आणि कृपया डोळे बांधलेल्या डोळस माणसावरची चाचणी पुरेशी मानू नका. रस्ता ओलांडणं मात्र प्रत्यक्ष जागेवर, प्रशिक्षकासोबतच शिकवा.