चर्चा: पासष्टीनंतर मुख्य मैफल सोडावी का? नागपूरकरांनी बोलावं

रात्रीचा_रियाज
शिव्या पडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. आपल्या शहरातल्या कुठल्याही संगीत समारोहाची पत्रिका उघडा. रात्री साडेआठची मुख्य मैफल ठरलेल्या ज्येष्ठांची. तरुण गायकाला संध्याकाळी साडेपाच, म्हणजे खुर्च्या लावणं चालू असतं तेव्हा. वर निवेदक सांगतो, 'उदयोन्मुख कलाकार'. काही जण चाळिशीला आले तरी उदय होतच आहे!

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कार्यक्रमांत पासष्टीपुढच्या स्थानिक कलाकारांनी मुख्य मैफल सोडावी. मानधन पूर्ण घ्यावं, पण शिष्याला पुढे बसवून आपण मागे बसावं. गायक-नट डॉ. वसंतराव देशपांडे इथेच शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, पण पुढचं आयुष्य पुण्यात, तेही बरीच वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले खाँसाहेब त्यांना मिळाले 1967 साली, वयाच्या 47व्या वर्षी. आपण काय केलं? सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. आज इथे दुसरा वसंता तयार होत असेल तर तोही पुण्याची गाडी पकडेल.

बर्डीवरचा_म्हातारा
पासष्टी हा आकडा कुठून काढलात? सेवापुस्तकातून? गळ्याला निवृत्तीचं वय नसतं. गवई मल्लिकार्जुन मन्सूर 1910 चे. पद्मश्री मिळाली 1970 मध्ये, पद्मविभूषण 1992 मध्ये, आणि त्याच वर्षी ते गेले. लोक आज त्यांचं जे गाणं डोक्यावर घेतात त्यातलं पुष्कळसं उतारवयातलं आहे. प्रभाताई अत्रे नव्वदीतही मंचावर बसत होत्या. तुमचा नियम लावला असता तर यांना शिष्यामागे तानपुरा धरून बसवलं असतं.

आणि म्हातारपणी गाणं फक्त कमी होत नाही, ते बदलतंही. दमसास घटला की गवई शोधायला लागतो. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयानं निकामी झालं, तेव्हा ते तिशीच्याही आत होते. लांब तान गेली आणि छोट्या, तुटक, धारदार आकृतींची गायकी आली. शरीराची अडचण हीच कधीकधी शैली होते. पंचविशीतल्या पोराकडे ही अडचणच नसते, बिचाऱ्याकडे सगळं असतं.

रात्रीचा_रियाज
काका, मन्सूर आणि कुमारांची ढाल करून आपल्या गावातले बेसूर झाकू नका. मी स्थानिक म्हटलंय. सात-आठ वर्षं तेच तीन राग, तोच किस्सा, तोच अभंग.

संगतवाला_महाल
वाद वाचून हसू येतंय. गायक सत्तरीचा असो की विशीचा, आमचं पाकीट तेवढंच. संध्याकाळी तबले घेऊन या, साउंड चेकच्या नावाखाली तासभर बसा, कार्यक्रम संपला की 'सध्या हे ठेवा, बाकीचं बघू'. ते बाकीचं कधीच कोणी बघत नाही. माझं घर मैफलींवर चालत नाही, क्लासवर चालतं. गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांची पोरं आहेत म्हणून चूल पेटते. नागपुरात जे कोणी तीस-चाळीस वर्षं टिकलेत, ते शिकवण्या करून किंवा बँकेत, शाळेत नोकरी करून टिकलेत. मंचावरची तास-दीड तासाची जागा कोणाला मिळते यावर कोणाचंही करिअर ठरलेलं मी पाहिलं नाही.

सूर_आणि_रील
मी 24 वर्षांची, ठुमरी आणि गझल गाते. साडेपाचच्या स्लॉटमध्ये गायलेय, समोर पहिल्या रांगेत आई आणि दोन मावश्या. रात्रीचा_रियाज यांचा राग मला पटतो, उपाय नाही. सक्तीनं मोकळी केलेली जागा मला नको. श्रोते म्हणतील, बसवलीय म्हणून बसलीय.

'ऑनलाइन टाक, तिथे वय विचारत नाहीत' असंही कोणी सांगू नका. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं धरतात. 2024 पासून वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. तीस सेकंदांत माझा आलाप षड्जावरून हलत नाही!

पडद्यामागचा
मी लहानसे कार्यक्रम करतो, म्हणून हिशेब सांगतो. हॉलचं भाडं, साउंड, लाइट, पाहुण्यांचा प्रवास. प्रायोजक विचारतो, 'नाव कोण?' नव्या मुलाचं नाव सांगितलं की चहा येतो, चेक येत नाही. दुसरीकडे शहरात मैदानावर मोठमोठे तारे फुकट ऐकायला मिळतात. मग दोनशे रुपयांचं तिकीट लावलं की लोक फोन करतात, 'दादा, पास आहेत का?' ज्येष्ठांनी जागा अडवलेली नाही, फुकट्या सवयीनं अडवली आहे. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह दोन हजारांच्या घरातलं. ते नव्या गायकानं भरायचं कसं? आपल्याला शंभर-दीडशे खुर्च्यांच्या, तिकीट लावलेल्या बैठका हव्यात. आधी साठीचा गाईल की तिशीचा, ते नंतर भांडू.

झाडीचा_ऑर्गनवाला
बाप्पा, तुमचं सारं भांडण सिव्हिल लाइन्स ते धरमपेठ! जरा बाहेर निघा ना. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हंजे पूर्व विदर्भात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरून राह्यल्या असतात. रात्रभर नाटक, लोक तिकीट काढून बसते. मंचासमोर ऑर्गनवर म्हातारा आन् ऑक्टोपॅडवर त्याच्या नातवाच्या वयाचा पोरगा, दोघाईले प्रयोगामागं पैसे. कोणी कोणाले 'उदयोन्मुख' म्हणत नाई. पोराचा हात चुकला तं पब्लिक तिथंच शिट्टी मारते.

आन् भीमगीतं? एप्रिलात आन् दसऱ्याले इथल्या किती पोरा-पोरींचे गळे तयार होते, हे तुमच्या पत्रिकेत कधी छापून आलं काय? लोकशाहीर वामनदादा कर्डक उभं आयुष्य वस्त्यावस्त्यांत गायले. त्यायच्यासाठी साडेआठची मैफल कोणी राखून ठेवली होती?

बर्डीवरचा_म्हातारा
झाडीवाल्या भाऊंचं पटलं. पण तिथं शिट्टी वाजते म्हणून ते जमतं. आपण सभागृहात बेसूर गाण्यालाही उभं राहून टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन नावं ठेवतो. नियम करायचाच असेल तर तो श्रोत्यांसाठी करा. रात्रीचा_रियाज, एक विचारू? तुमचे गुरुजी किती वर्षांचे?

रात्रीचा_रियाज
बहात्तर. त्यांना तोंडावर हेच सांगितलंय. बरेच दिवस बोलत नव्हते. मग मागच्या गुरुपौर्णिमेला मला पुढे बसवलं आणि मागे बसून माझी प्रत्येक तान पूर्ण व्हायच्या आधी स्वतःच पूर्ण केली.

संगतवाला_महाल
ते सोडा. संगतीला कोण होतं, आणि त्याला मिळाले का?

रात्रीचा_रियाज
'बाकीचं बघू' म्हणालोय.