मामंजींचा चांदीचा डॉलर काळा पडलाय. घासू, विकू की ठेवू?

दाभोळची_सून:

नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून सरळच विचारते.

आमचे मामंजी बोटीवर होते, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यावर त्यांची ट्रंक आवरायला काढली. सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीच्या) जुन्या पुस्तकांखाली एक डबी निघाली. डबीला रबर आवळलेला, तो विरघळून झाकणाला चिकटून बसलेला. आत गोल पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात चांदीचं मोठं नाणं आहे. एका बाजूला निशाणं घेऊन संचलन करणारी पोरं, मागे दगडी इमारती. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण आणि तलवार. साल २००२, आणि बारीकसं इंग्रजी डब्ल्यू अक्षर. मामंजी सांगायचे ते आठवतं: "अमेरिकेत नदीच्या वळणावर मिलिटरीची शाळा आहे, तिला दोनशे वर्षं झाली तेव्हाचा हा डॉलर." त्यांची बोट त्या शाळेवरून वर जायची म्हणे.

आता नाण्याची कड काळी पडली आहे. काळ्याच्या आत निळसर, त्याच्या आत तपकिरी, मग पिवळट. मधला भाग अजून आरशासारखा आहे, माझं नाक दिसतं त्यात.

बाजारातल्या सोनारांना दाखवलं. ते म्हणाले, नव्वद टंच आहे, वजनाचे पैसे देतो, नाहीतर आटवून गणपतीला दुर्वांची जुडी करून देतो. नणंदेला दुर्वांची कल्पना फार आवडली. सासूबाई म्हणतात, आमसुलाच्या पाण्यात टाक, लखलखीत होईल. ह्यांचं म्हणणं, अमेरिकन नाणं आहे, लाखात जाईल. मी मध्ये उभी. काय करू?

देवगडचा_हापूस:

वहिनी, साधी टूथपेस्ट आणि जुना ब्रश. आमच्या देवांची सगळी चांदी अशीच निघते. दोन मिनिटांचं काम.

तोळामासा:

ताई, वरचा सल्ला ऐकू नका, आणि आमसूल तर अजिबात नको. आमसूल तांब्या-पितळेला, गंगाळ-समईला. चांदीवरचा काळा थर वेगळा असतो, तो गंधकाचा. आणि टूथपेस्टमध्ये खडूची पूड असते. पळी-पंचपात्राला ठीक, कारण त्यावर आधीच हजार ओरखडे आहेत. तुमच्या नाण्यात नाक दिसतं म्हणताय, त्या आरशावर एकदा ब्रश फिरला की ओरखडे कायमचे.

मी बँकेत कॅशला होतो आणि नाण्यांचा नाद कॉलेजपासूनचा, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या द्विशताब्दीचा चांदीचा डॉलर. अकादमीची स्थापना १६ मार्च १८०२ ची, आणि नाणं विक्रीला आलं ते १६ मार्च २००२ ला. शिरस्त्राण अथीना देवीचं, ते अकादमीच्या चिन्हातलंच. डब्ल्यू ही वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीची खूण. गंमत अशी की ती टांकसाळ अकादमीच्या शेजारीच आहे. १९३० च्या दशकात सरकारी चांदी साठवायला बांधलेलं ते कोठार, टांकसाळीचा दर्जा त्याला १९८८ मध्ये मिळाला. म्हणजे ज्याचा सोहळा, त्याच्या दारातच नाणं पाडलं. अशी नाणी मला विशेष आवडतात. नाहीतर बहुतेक स्मारक नाण्यांचा त्या जागेशी काडीचा संबंध नसतो.

वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के, बाकी तांबं. तुमचे सोनार अगदी बरोबर बोलले. शुद्ध चांदी २४ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे ११.६६ चा जुना तोळा धरला तर दोन तोळ्यांहून थोडी जास्त. कड दातेरी हवी आणि लोहचुंबक चिकटता कामा नये.

मधला भाग आरसा आणि पोरं-इमारती दुधी, असं असेल तर ते प्रूफ. घासून चकचकीत केलेल्या ठशाने, एकापेक्षा जास्त वेळा दाबून काढलेलं. सगळीकडे सारखीच साटीनसारखी झाक असेल तर साधं, अनसर्क्युलेटेड. तुमच्या वर्णनावरून प्रूफ वाटतंय.

आता लाखाची गोष्ट. यजमानांना सांगा, लाख विसरा. कायद्याने पाच लाखांपर्यंत नाणी पाडायची मुभा होती. प्रूफ पावणेतीन लाखांहून जास्त खपली, साधी लाखभर. प्रत्येक नाण्यामागे १० डॉलर अकादमीच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला गेले, म्हणजे घेणाऱ्याने तेव्हाच चांदीच्या किमतीपेक्षा बरंच जास्त मोजलेलं. घेणाऱ्यांनी ती जपूनही ठेवली, हरवलीच नाहीत, मग दुर्मीळ कुठून होणार? चांदी चढली की हेही चढतं, उतरली की उतरतं. सोनाराच्या भावाहून थोडं वर, फार नाही.

पण म्हणून आटवू नका. दुर्वांची जुडी आपल्याकडे कुठल्याही पेठेत मिळते.

देवगडचा_हापूस:

बरं बुवा, टूथपेस्ट मागे घेतली. पण काळं पडलंच कसं? कवचात होतं ना? आणि खाऱ्या हवेने चांदी काळी पडते असं सगळेच म्हणतात.

तोळामासा:

खारी हवा दमटपणा आणते आणि काम जलद करते, पण काळेपणा येतो गंधकामुळे. दाभोळला खाडीकाठी ओहोटी लागली की खाजणातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच तो वायू. शिवाय तो रबर. रबर पक्का करायला गंधक घालतात, आणि तो वर्षानुवर्षं डबीला आवळून ठेवलेला. कवच दोन भागांचं असतं, हवा सांध्यातून शिरते, म्हणून काळेपणा कडेपासून आत सरकतो. पिवळा, तपकिरी, निळा, काळा हे त्या थराच्या वाढत्या जाडीचे रंग. थर पातळ असतो, नाण्याचं काही खाल्लेलं नाही. परदेशी संग्राहक अशा रंगांचे वेगळे पैसेही मोजतात, पण तेवढे सुंदर रंग पडायला नशीब लागतं.

एकच बघा: कुठे हिरवट चिकट डाग आहे का? तो असेल तर ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाचं काम, आणि त्यावर शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपॉलिश काढायचं नव्हे.

हर्णैचा_दर्यावर्दी:

नाण्यातलं तोळामासांनी सांगितलं, मी त्या वळणाबद्दल सांगतो. न्यूयॉर्कहून हडसन नदीने वर ऑल्बनीच्या बंदरात जाताना वेस्ट पॉइंट डाव्या हाताला लागतं. नदी म्हणतात, पण भरती-ओहोटी ऑल्बनीच्याही पुढे पोचते, म्हणजे आपल्या हिशेबी लांबलचक खाडीच. नदीतली वाट दाखवणारा पायलट बोटीवर असतोच. तिथे पात्र अरुंद होऊन काटकोनात वळतं, आणि वर कड्यावर ही करड्या दगडाची शाळा. मी गेलो तेव्हा बोटीच्या ब्रिजवर, म्हणजे सुकाणूपाशी, सगळे गप्प उभे होते, कारण वळण संपेपर्यंत कोणाला बोलायला सवडच नसते.

त्या वळणाची महती अशी की १७७८ मध्ये अमेरिकनांनी इंग्रजांच्या बोटी अडवायला नदीत आडवी लोखंडी साखळी टाकली होती. दोन-दोन फुटांच्या कड्या, ओंडक्यांवर तरंगत ठेवलेल्या. इंग्रजांनी ती तोडायचा प्रयत्नच केला नाही. काही कड्या अजून अकादमीत मांडून ठेवल्या आहेत. विजयदुर्गाची पाण्याखालची भिंत ऐकून वाढलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. तुमच्या सासऱ्यांनी डॉलर उगाच घेतला नसणार, ताई. बोसन म्हणजे नांगर, साखळी, दोर यांचा माणूस.

माजी_सुभेदार_खेड:

आपल्याकडेही डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला २०२२ मध्ये शंभर वर्षं झाली, १३ मार्च १९२२ ची स्थापना. आपली स्मारक नाणी चांदीत कशी असतात, तोळामासा?

तोळामासा:

सुभेदारसाहेब, २०१० नंतरच्या दशकातली आपली १०० रुपयांची स्मारक नाणी हातात घेतली तर याहून भारदस्त, ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटर. पण चांदी निम्मीच, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. त्यामुळे कोकणात ती लवकर डागाळतात, माझ्याकडची काही तर तांबूस पडली आहेत. बाजारात ती फिरत नाहीत, टांकसाळीकडे नोंदणी करून घ्यावी लागतात.

दाभोळची_सून:

मंडळी, खूप आभार. साखळीची गोष्ट ह्यांना वाचून दाखवली, तेव्हापासून लाखाचा विषय बंद आहे. नणंदेला दुर्वांची जुडी मी माझ्या पैशाने घेऊन देणार आहे. सासूबाईंचं आमसूल सोलकढीला गेलं.

हिरवा डाग नाही, नीट बघितलं. आता ठेवू कसं? गोदरेजच्या कपाटात साड्यांबरोबर ठेवलं तर? तिथे डांबराच्या गोळ्या आहेत.

तोळामासा:

गोळ्यांच्या कपाटात नको, त्यांची वाफ प्लॅस्टिकला चांगली नसते. जुनी डबी आठवण म्हणून वेगळी ठेवा, रबर मात्र लगेच फेका. नाणं त्याच कवचात राहू दे, उघडू नका. उघडावंच लागलं तर फक्त कडेने धरा, पृष्ठाला बोट नको. कवच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारे खडे मिळाले तर बरं, रंग पालटला की पुडी बदलायची. उन्हाळ्यात महिनोन्महिने बघावं लागणार नाही, पण मिरगापासून दर पंधरवड्याला झाकण उघडून बघा. डबा खाडीकडच्या खोलीत नको, मागच्या पडवीत तर नकोच. आणि नाण्यासोबत येणारा टांकसाळीच्या प्रमाणपत्राचा कागद डबीच्या तळाशी, अस्तराखाली कुठे आहे का तेही एकदा तपासा.