पायरसी : चोरी, चाचेगिरी की प्रताधिकारभंग?

प्रश्न : अमेरिकेतल्या ऑनलाइन पायरसीच्या कायद्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'पायरसी'साठी 'चोरी' लिहिलं तर चालेल का? 'वाङ्मयचौर्य' असंही कुणी सुचवलं.

उत्तर : 'वाङ्मयचौर्य' नक्कीच नको. दुसऱ्याचं लेखन स्वतःच्या नावावर खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. विनापरवाना सिनेमा उतरवून घेणारा तो आपण काढला असं म्हणत नाही. 'चोरी'ही कायद्याच्या संदर्भात टाळा. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या विनापरवाना रेकॉर्ड विकणाऱ्या डाउलिंगच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं, की या रेकॉर्डना चोरीच्या मालाचा कायदा लागत नाही. प्रत काढली तरी मूळ वस्तू मालकाकडेच राहते. म्हणून 'प्रताधिकारभंग', म्हणजे कॉपीराइटचा भंग.

दुसरं मत : 'भंग' फार मिळमिळीत वाटतो. गायकाचं, तंत्रज्ञाचं उत्पन्न बुडतं ते खरंच बुडतं ना?

उत्तर : बुडतंच, आणि प्रताधिकारभंगाला दंड आहे, तुरुंगवासही आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. जहाल शब्द वापरला की नवं यंत्रही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. १९८२ मध्ये चित्रपट उद्योगाचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकी काँग्रेससमोर व्हीसीआरची, म्हणजे घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरची तुलना बॉस्टनच्या गळा आवळणाऱ्या खुन्याशी केली होती! दोनच वर्षांनी बीटामॅक्स या सोनीच्या व्हीसीआरवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की टीव्हीवरचा कार्यक्रम पुढे सवडीने पाहण्यासाठी घरी टेप करणं हा 'रास्त वापर' आहे. पुढे त्याच व्हिडिओ कॅसेटींनी स्टुडिओंना भरघोस कमाई करून दिली.

२०१२ मध्ये अमेरिकेत बारगळलेल्या 'सोपा' (स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट) विधेयकाच्या तर नावातच 'पायरसी' होतं. पायरसी थांबवायला नको असं कोण म्हणेल? आत मात्र परदेशी संकेतस्थळं अडवण्याच्या आणि त्यांची आर्थिक नाकेबंदी करण्याच्या तरतुदी होत्या. १८ जानेवारीला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला, तो याच्याच निषेधासाठी.

प्रश्नकर्ती : मग 'चाचेगिरी'?

उत्तर : रूपक म्हणून चालेल. सतराव्या शतकात लंडनमध्ये विनापरवाना पुस्तकं छापणाऱ्यांना चाचेच म्हणत. पण मराठी वाचकाला आधी समुद्रच दिसेल. विधेयकाच्या नावात 'पायरसी' ठेवा, कलमांच्या चर्चेत 'प्रताधिकारभंग' लिहा. उद्योगाच्या प्रतिनिधीने 'चोरी' म्हटलं असेल तिथे 'चोरी'च हवं, अवतरणात, त्याच्या नावासकट.