शापाने देह पालटतो, मग स्मृती का राहते?

प्रश्न
शापाने किंवा पापाच्या फळाने माणसाचा साप, सरडा वा वृक्ष झाल्याच्या कथा आपल्या पुराणांत पुष्कळ आहेत. त्यांत देह पालटतो, पण पूर्वायुष्याची आठवण बहुधा कायम राहते. अपराध्याला शिक्षाच द्यायची, तर त्याची स्मृती का राखली असावी? यातना वाढावी, एवढाच हेतू असेल का?

प्रतिसाद १
मला तसे वाटत नाही. महाभारताच्या वनपर्वातील नहुष राजा पाहा. इंद्रपदाच्या मदात त्याने ब्रह्मर्षींना पालखीला जुंपले, अगस्त्यांना पाय लावला आणि त्यांच्या शापाने तो अजगर होऊन पडला. पुढे भीमाला विळख्यात धरून तो युधिष्ठिराला विचारतो, ‘ब्राह्मण कोणाला म्हणावे?’ ज्याने ऋषींच्या खांद्यावर पालखी दिली त्याच्याच तोंडी हा प्रश्न यावा, यात कथेचे सारे मर्म आहे. आणि सत्य, दान, क्षमा, शील ज्याच्या ठायी दिसते तो ब्राह्मण, मग जन्म कोठेही होवो, हे उत्तर अंगी मुरायचे तर आपण काय केले हे त्याला आठवायलाच हवे होते. आपली बुद्धी टिकली ती अगस्त्यांच्याच अनुग्रहाने, असे तो स्वतः सांगतो.

प्रतिसाद २
नृगाची कथाही याच बाजूची आहे. भागवताच्या दशम स्कंधात यादवकुमारांना कोरड्या विहिरीत डोंगराएवढा सरडा दिसतो, तो म्हणजेच नृग राजा. चामड्याच्या नि सुताच्या दोरांनी तो निघत नाही, तेव्हा कृष्ण त्याला डाव्या हाताने वर काढतो. दान दिलेली गाय चुकून कळपात परतली आणि दुसऱ्याच ब्राह्मणाला दिली गेली, एवढाच त्याचा अपराध. कृष्णदर्शनाची आस होती म्हणून स्मृती अजून गेली नाही, असे तो म्हणतो. रामायणाच्या उत्तरकांडात मात्र ब्राह्मणांनी त्याला शाप दिल्याचे येते.

प्रश्नकर्ता
मग अहल्येचे काय? शिळेला कसली स्मृती?

प्रतिसाद ३
वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. शिळारूप कालिदासाच्या रघुवंशात आहे आणि पुढे कथा-कीर्तनांतून तेच घरोघरी रुजले. वाल्मीकींची अहल्या वारा भक्षून, राखेत पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता तप करीत राहते. भान पूर्ण आहे, पण पाहणारे कोणी नाही. अजगर होण्यापेक्षा ही शिक्षा मला अधिक कठोर वाटते. शिवाय तेथे रामाच्या पावलाने उद्धार होत नाही, उलट राम-लक्ष्मणच तिचे पाय धरतात.