जुने फोल्डिंग चाकू: पितळेचा कळंक, ढिलं लॉक आणि ‘डुप्लिकेट’चा प्रश्न

खोपटकर (ठाणे)

माळ्यावरच्या पेटीत कॉलेजच्या वयात घेतलेले तीन चाकू आहेत, तिन्ही फूटपाथवरचे.

१. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये गडद लाकूड, मागे दाबायचं लॉक. पातं पावणेचार इंच. बुडाशी ‘स्टेनलेस पाकिस्तान’ एवढाच ठसा. चामडी म्यानात होता. पितळेवर हिरवा कळंक, पात्यावर तांबूस ठिपके. उघडल्यावर पातं थोडं हलतं.
२. लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा, बरीच हत्यारं असलेला. मिटलेला ९ सेंमी. पात्यावर नाव नाही.
३. खटक्याचा, रामपुरी पद्धतीचा. पातं साडेचार इंच.

विचारायचं असं: साफ कसे करू? यातलं अस्सल काही आहे का? पहिला भाच्याला ट्रेकला द्यावा का? आणि तिसरा घरात ठेवण्यात कायद्याची अडचण आहे का? विकायचे नाहीत.

---

पातं_आणि_पितळ (कोपरी)

पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचंच नुकसान चालू आहे. चोर म्यानच आहे. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार उरलेले असतात, त्यात आपल्या खाडीकाठची चार महिन्यांची दमट हवा. पितळेला हिरवं आणि पात्याला ठिपके दोन्ही त्यामुळेच. म्यान ठेवा, पण चाकू त्यात ठेवू नका.

पितळ दिसलं की हात चिंच-मिठाकडे जातो. देवाच्या समईला ते ठीक, इथे नको. मिठातलं क्लोराइड, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याच्या फटीत जाऊन बसतं आणि स्टेनलेसला नेमकं तेच खातं. वरून चाकू लखलखीत आणि सहा महिन्यांनी सांध्यात गंज.

आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने आतली खाच घासा. चाकू बुडवून ठेवू नका, लाकूड फुगून फाटतं. लगेच पुसा आणि पंख्याखाली दोन तास उघडा ठेवा. मग खिळ्यात आणि लॉकच्या फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारून पातं वीस-पंचवीस वेळा उघडा-मिटा. काळा चिखल बाहेर येईल, तो येणं थांबेपर्यंत पुसत राहा. सांध्यातला कळंक लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको.

ठिपक्यांवर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ओरखडे येत नाहीत. गंज निघाल्यावर जे बारीक खड्डे दिसतील ते राहू द्या. ते घालवायला पातं इतकं घासावं लागेल की ठसाच पुसला जाईल.

पितळेला धातूची पॉलिश, फडक्यावर मुगाएवढी. त्याआधी लाकडावर कागदी टेप, नाहीतर पॉलिशची पांढरी पूड लाकडाच्या रेषांत बसते ती निघत नाही. आरशासारखं करू नका. वयाचा तपकिरी रंग राहिला तर चाकू जास्त चांगला दिसतो, हे माझं मत.

लाकडाला अळशीचं तेल, पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून टाका. त्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

शेवटी खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फळं कापणार असाल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन. खोबरेल नको, काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

---

नेरूळकर

आता ओळख. पहिल्याचा घाट बक ११० चा. अमेरिकेतल्या बक कंपनीने तो १९६४ च्या सुमारास आणला: पावणेचार इंचांचं पातं, पितळी टोकं, लाकडी मूठ, मागचं लॉक. त्यानंतर जगभरच्या कारखान्यांनी तो उचलला. पाकिस्तानात वजीराबाद हे सुऱ्या-चाकूंचं जुनं गाव, असा बराच माल तिथला. अस्सलवर बुडाशी ‘बक’, ‘११०’ आणि ‘यू.एस.ए.’ असतं. १९८६ पासूनच्या चाकूंवर साल सांगणारी खूणही असते.

तुमच्यावर बकचं नाव नाही, म्हणून मी त्याला नकली म्हणणार नाही. ही कॉपी आहे. घाट दुसऱ्याचा, पण नाव चोरलेलं नाही. पेटंट वीस वर्षांत संपतं. आपल्याकडे नोंदलेल्या डिझाइनचं संरक्षण दहा अधिक पाच, म्हणजे फार तर पंधरा वर्षं. साठ वर्षांपूर्वीचा घाट आज कुणीही बनवावा. ट्रेडमार्कचं तसं नाही, नूतनीकरण करत राहिलं की तो चालूच राहतो. खोटं नाव ठोकून विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा १९९९ खाली गुन्हा आहे. संग्रह करणाऱ्याने रेघ इथे ओढावी. बिननावाची कॉपी खुशाल ठेवा, खोट्या नावाची घेऊ नका.

दुसरा स्विस नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी नाव कोरलेलं असतंच, आणि ९१ मिमीच्या चाकूंच्या मुठीत क्रॉस असलेली ढाल धातूची, बसवलेली असते. कॉपीत बहुधा छापलेली, नखाने खरवडली तर जाते. शिवाय अस्सलचं प्रत्येक हत्यार ‘टक्क’ करून थांबतं. कॉपीत कात्री मधेच अडकते आणि ओपनर डब्यावर वाकतो.

पोलादाबद्दल एक गैरसमज: ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही’. चूक. कडक होणारं चाकूचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारं ताटवाट्यांचं स्टील धार धरत नाही. चिनी पोलादाचं नाव मात्र वाचता येतं. ३सीआर१३ म्हणजे कार्बन साधारण ०.३ टक्के, क्रोमियम १३. ८सीआर१३ मध्ये कार्बन ०.८ च्या आसपास, धार जास्त टिकते. नुसतं ‘४४०’ हा स्टेनलेसचा क्रमांक लिहिला असेल तर भुलू नका. ४४०ए मध्ये कार्बन ०.६ ते ०.७५, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२. अक्षर गाळलंय म्हणजे बहुधा ‘ए’, किंवा तेही नाही.

आणि तुमच्या वयाच्या सगळ्यांच्या पेटीत कॉपीच का निघतात, त्याचं कारण साधं आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे शेवटचे परिमाणात्मक निर्बंध (किती माल आणायचा यावरच्या मर्यादा) १ एप्रिल २००१ ला उठले. त्याआधी अस्सल माल यायचा तो कुणाच्या तरी बॅगेतून. फूटपाथवर जे होतं ते हेच होतं.

---

खोपटकर

उत्तम. म्यानातून काढला. पहिल्याचं पातं उघडल्यावर वर-खाली हलतं, डावी-उजवीकडे नाही. घट्ट करता येईल का?

---

पातं_आणि_पितळ

डावी-उजवीकडे हलत असतं तर खिळा सैल, म्हणजे सोपं काम: एक टोक लोखंडी ठोकळ्यावर टेकवायचं, दुसऱ्यावर गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके, प्रत्येक वेळी पातं उघडून पाहायचं. जास्त झालं तर पातं जाम.

वर-खाली हलणं म्हणजे लॉकच्या पट्टीचा दात आणि पात्याची खाच यांत अंतर पडलंय. आधी खाच बघा, पुष्कळदा तिथे दाबून बसलेली धूळ असते आणि दात तळापर्यंत जातच नाही. टूथपिक आणि रॉकेल. साफ करूनही हलत असेल तर झीज आहे. मऊ पोलादात दाताची कड गोल होते. ती कानसून सरळ करायचा मोह टाळा. जितकं कानसाल तितका दात खोल जातो आणि हलणं वाढतं.

तपासायची रीत: चाकू पूर्ण उघडा, मूठ अशी धरा की बोटं पात्याच्या मिटण्याच्या वाटेत नसतील, आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर टेकवून हळूहळू दाबा. आपटू नका, आपटल्याने चांगलं लॉकही बिघडतं. दाबाने सुटलं तर तो चाकू शोभेचा. भाच्याला देऊ नका.

---

ऐरोली_सेक्टर

ट्रेकसाठी ओपिनेल आठ नंबर बघा, लाकडी मुठीचा फ्रेंच फोल्डिंग चाकू. पातं साडेआठ सेंमी, वजनाला हलका, आणि फिरवायचं कडं असल्याने लॉक बंद की चालू ते डोळ्यांना दिसतं. फक्त पावसात लाकूड फुगून पातं अडकतं.

धार लावायला सायकलवाल्याकडे देऊ नका. कोरड्या चाकावर पात्याचं टोक निळं पडलं की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. घरी हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड पुरे. दर बाजूला २० अंश. पातं २० मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ७ मिमी वर. दगडाच्या जाड, खरखरीत बाजूवर पातं एका अंगाने घासत राहा, दुसऱ्या अंगाला पूर्ण लांबीभर खरबरीत कड बोटाला लागेपर्यंत. मगच पालटा. बहुतेक जण त्याआधीच पालटतात आणि म्हणतात दगड खराब आहे.

---

नेरूळकर

तिसऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. शस्त्र नियम २०१६ च्या परिशिष्टातल्या शस्त्रांच्या यादीत घरगुती, शेती वगैरे कामाचे सोडून ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. तुमचं साडेचार इंच, म्हणजे मापाने त्यात बसत नाही. पण खटक्याचा चाकू फळं कापायचा आहे हे पोलिसांना पटवणं अवघड, आणि माप हा एकच मुद्दा नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आयुक्त मनाई आदेश काढतात, सणासुदीला आणि निवडणुकीत तर हमखास. त्यात चाकू-सुरे बाळगून फिरण्यावर बंदी असते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं, म्हणजे ठाण्यातून ऐरोलीत गेलात की आदेशही वेगळा. तो पेटीतच राहू द्या. खिशात, गाडीच्या डिकीत, लोकलमध्ये नको. ट्रेकचा चाकूसुद्धा बॅगेच्या तळाशी, भाजीच्या सामानासोबत.

---

खोपटकर

खाच साफ केली, धूळच होती. हलणं निम्म्यावर आलं, पण पाटावर दाबल्यावर सुटतंय. म्हणजे शोभेचाच. बटर पेपरात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवू का?

---

पातं_आणि_पितळ

हो, तिन्ही वेगवेगळे गुंडाळा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारी घ्या, म्हणजे भरली की कळतं. मग ती पुडीतली जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवा. जूनच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा उघडून तेलाचा हात फिरवा. दुसऱ्याचं लाल प्लास्टिक मात्र पॉलिशपासून लांब ठेवा, विरघळून पांढरट होऊ शकतं.