स्वखर्चाने छापली म्हणून बाद?

गे डिटेक्टिव्ह असलेल्या एका स्वखर्चाने छापलेल्या रहस्यकादंबरीबद्दल "प्रकाशक मिळाला नाही म्हणजे दम नसणार" असं म्हटलं गेलं, ते अजिबात पटलं नाही. अमेरिकन लेखक ई. लिन हॅरिसने १९९१ मध्ये 'इन्व्हिजिबल लाइफ' ही कादंबरी स्वखर्चाने छापली, अटलांटाच्या ब्यूटी पार्लरांत प्रती ठेवून विकली, मग १९९४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने तीच काढली. त्या रहस्यकादंबरीतल्या मुद्रणाच्या चुकांची तक्रार मात्र रास्त आहे.

आणि डिटेक्टिव्ह गे असण्याचा रहस्याशी काय संबंध म्हणणाऱ्यांनी अमेरिकन लेखक जोसेफ हॅन्सनची १९७० ची रहस्यकादंबरी 'फेडआउट' वाचाच, त्यातला गे डिटेक्टिव्ह डेव्ह ब्रँडस्टेटर विमा कंपनीचा तपासनीस, गाडी सापडलीय पण प्रेत नाही अशी केस, स्वतःचा जोडीदार कॅन्सरने नुकताच गेलेला, आणि बेपत्ता माणसाच्या आयुष्यातलं जे घरच्यांनाही दिसलं नाही ते याला बरोबर दिसतं, म्हणजे संबंध आहेच ना!