मदत हवी आहे : पुतण्याने बीकॉम सोडावं का?

नमस्कार मंडळी. पुतण्या बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) हेल्पर म्हणून लागला. आता व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला पार्ट, मोजतो आणि म्हणतो, "काका, कॉलेज कशाला?" मी स्वतः बारावीनंतर सातपूर एमआयडीसीत कंपनीत चिकटलो. काम सगळं येतं, पण सुपरवायझरच्या जागेसाठी दरवेळी पदवी विचारतात. मीच शिकवलेला पोरगा आज माझा साहेब आहे. (गुणी आहे, तक्रार नाही.) राज्यसेवेलाही पदवी लागतेच. नोकरी सांभाळून गंगापूर धरणाजवळच्या आपल्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेलं कुणी आहे का? कंपनीत बढतीला ती धरतात का? की आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जावं? परीक्षेचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय.